भाऊसाहेबांची रसद

युद्धपटात पोटभर जेवताना कुणी फारसं दिसत नाही. घोडे दौडतात, तोफा धडाडतात, सेनापती नकाशावर बोट ठेवून गर्जना करतो. पण त्या घोड्याला सकाळी चंदी कुणी घातली आणि ती कुठल्या बाजारातून आली, हे दाखवायला कॅमेऱ्याला सवड नसते. माझी सगळी नोकरी आर्मी सर्व्हिस कोरमध्ये गेली. आटा, डाळ, रॉकेल, खेचरं आणि ट्रक ही आमची हत्यारं. त्यामुळे शौर्याच्या गोष्टी सांगायची वेळ आली की आम्ही गप्प बसतो. सुभेदार म्हणून निवृत्त झालो, सणसरला येऊन ऊस लावला, तरी खोड गेली नाही. लढाईचा सिनेमा लागला की मी आधी मागच्या गाड्या मोजतो.

आशुतोष गोवारीकरांचा 'पानिपत' डिसेंबर २०१९ मध्ये आला तेव्हा बरीच टिंगल झाली. अर्जुन कपूर भाऊसाहेब शोभत नाही, अफगाण बादशहा अब्दाली झालेला संजय दत्तच जास्त दिसतो, गाणी आहेत, वगैरे. सिनेमा फारसा चाललाही नाही. नातवानं घरी लावला तेव्हा मी पाहिला आणि मला तो लोक म्हणाले तेवढा वाईट वाटला नाही. त्याचं कारण तलवारबाजी नव्हे. उदगीर जिंकून आलेल्या सदाशिवरावभाऊंच्या हाती पेशवे दौलतीचा जमाखर्च सोपवतात, आणि हा माणूस वह्या उघडून कुणाकडून किती येणं आहे ते पाहू लागतो, हा भाग मला पटला. सेनापतीला हिशेबनीस केलेला मी तरी दुसऱ्या सिनेमात पाहिला नाही.

इतिहासात क्रम उलटा आहे. चिमाजीअप्पांचा हा मुलगा आधी वर्षानुवर्षं पुण्यात कारभारी म्हणून फडावर बसला, दफ्तराचा वाघ झाला, आणि मग फेब्रुवारी १७६० मध्ये उदगीरला निजामाला नमवून आला. तिथून पुण्याला यायला फुरसतच मिळाली नाही. जानेवारीत यमुनेच्या बुराडी घाटावर अब्दालीच्या फौजेशी लढताना दत्ताजी शिंदे पडले होते. ती बातमी आल्यावर मार्चमध्ये मराठवाड्यातल्या परतूरहून भाऊ थेट उत्तरेला निघाले. वय तिशीच्या आत. उत्तर हिंदुस्थान त्यांनी त्याआधी पाहिलेला नव्हता. मग त्यांनाच का पाठवलं? रघुनाथरावदादा उत्तरेची मोहीम करून आले होते. पंजाबपर्यंत झेंडा गेला खरा, पण येताना दादांनी खजिन्याऐवजी कर्ज आणलं. त्यावर भाऊंनी बोट ठेवलं आणि पुढची स्वारी त्यांच्याच गळ्यात पडली. ज्याला खर्च कळतो तोच खर्चाला जुंपला जातो, हे फौजेतही मी पाहिलंय.

पेशव्यांच्या कर्जाची एक बाजू आमच्या शेजारच्या बारामतीत सापडते. कऱ्हाकाठचा बाबूजी नाईकांचा वाडा आजही लोक पाहायला जातात. हे नाईक सावकार. थोरल्या बाजीरावांना यांचं देणं होतं आणि तगाद्याला ते मागंपुढं पाहत नसत. बाजीराव गेल्यावर १७४० मध्ये पेशवाई नानासाहेबांना मिळू नये म्हणून खटपट करणाऱ्यांत बाबूजी नाईकही होते. आणि गंमत अशी की घर सोयऱ्यांचं. बाजीराव-चिमाजीअप्पांची बहीण भिऊबाई बारामतीच्या आबाजी नाईकांना दिलेली, म्हणजे भाऊसाहेबांची सख्खी आत्या. सोयरीक असली तरी खतं फाटत नाहीत, हे त्या घरात भाऊंना लहानपणापासून ऐकू आलं असणार. हा माझा तर्क.

आता सेनापतीवरचं ओझं म्हणजे काय, ते मी आमच्या गावातूनच सांगतो, कारण ते आम्हाला दर आषाढात दिसतं. तुकोबांच्या पालखीचा एक मुक्काम सणसरला असतो. बारामतीहून निघालेला सोहळा वाटेत काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण करून संध्याकाळी आमच्याकडं येतो आणि दुसऱ्या दिवशी बेलवाडीच्या गोल रिंगणाकडं निघतो. एका रात्रीत गावाची लोकसंख्या कुठल्या कुठं जाते. पाण्याचे टँकर लागतात, घराघरातून भाकरी-पिठलं, चपात्या गोळा होतात, शौचालयं उभी राहतात, दवाखान्याचे तंबू पडतात. नीरा डावा कालवा उशाला असून पाण्याची घाई होते. वारकऱ्यांना शिस्त आहे, दिंड्यांना क्रम आहे, प्रत्येक दिंडीचा ट्रक पुढं जाऊन चूल पेटवतो, आणि वाटेवरचं प्रत्येक गाव वाढायला उभं असतं. तरी सोहळा पुढं सरकला की सरपंचाचा जीव भांड्यात पडतो. आता असाच समाज दहा महिने परमुलखात चालतोय असं समजा. वाटेवरच्या गावांना तुम्ही नको आहात, पुढचा पाऊस कधी, नदीला उतार कुठं, ठाऊक नाही. भाऊंच्या स्वारीबरोबर लढणाऱ्यांखेरीज बुणगे होते, सरदारांचे कबिले होते, बाजार होता आणि काशी-प्रयाग-कुरुक्षेत्र करायला निघालेले यात्रेकरूसुद्धा होते. लष्कर संगतीला आहे, तर तीर्थं होऊन जातील, असा साधा हिशेब. त्या सगळ्यांची पोटं भाऊंच्या नावावर लिहिलेली.

भरतपूरच्या सूरजमल जाटानं आणि मल्हारराव होळकरांनी सांगून पाहिलं होतं: बायकामुलं, जड सामान मागं ठेवा, हलके होऊन लढा. भाऊंनी ते ऐकलं नाही. इब्राहिमखान गारद्याच्या तोफा आणि कवायती पायदळ यांच्यावर त्यांचा भरवसा होता. उदगीरला त्याच तोफांनी काम फत्ते केलं होतं. तोफ आली की बैल आले, बैल आले की वैरण आली, आणि वेग बैलाचाच राहिला.

ऑगस्टमध्ये दिल्ली घेतली, तर तिथं काही शिल्लकच नव्हतं. लुटारूंनी ती आधीच धुऊन नेली होती. शेवटी दिवाण-ए-खासचं रुप्याचं छत उतरवून त्याची नाणी पाडली आणि पगार भागवला. यावरून भाऊंना बरीच नावं ठेवली जातात. मला मात्र तो महिनाअखेरीचा कारभारी दिसतो. ऑक्टोबरात कुंजपुरा जिंकला. तिथं अब्दालीसाठी साठवलेलं धान्य आणि पैसा हाती आला, चार दिवस लष्कर पोटभर जेवलं. तेवढ्यात बागपतजवळ यमुना उतरून अब्दाली अलीकडं आला आणि भाऊ व दिल्ली यांच्यामध्ये ठाण मांडून बसला. एरवी शत्रू समोर असतो आणि घर पाठीशी. इथं घराची वाटच शत्रूच्या पाठीमागं गेली.

पुढचे अडीच महिने पानिपतच्या गावकुसाशी खंदक खणून दोन्ही फौजा एकमेकींसमोर बसल्या. सिनेमा यावरून भरभर पुढं जातो, त्याला चौदा जानेवारीची घाई आहे. माझ्या मते खरी लढाई तिथंच झाली आणि तिथंच हरली. भाऊंची या काळातली पत्रं छापलेली आहेत. त्यांत गोविंदपंत बुंदेल्यांना पुन्हा पुन्हा एकच लिहिणं: पैका पाठवा, अब्दालीची रसद मारा. बुंदेलखंडचा हा वसुली करणारा मामलेदार, म्हातारा माणूस, धड घोड्यावर बसवेना. तरी तो अंतर्वेदीत उतरला आणि डिसेंबरात अफगाण स्वारांनी त्याला गाठून मारलं. दिल्लीहून नारो शंकरांनी खजिना देऊन स्वार पाठवले, त्यांतली एक टोळी रात्री वाट चुकून थेट अफगाणांच्या छावणीत शिरली आणि कापली गेली. त्याआधी बळवंतराव मेहेंदळे एका रात्रीच्या झुंजीत पडले. जनावरं मरू लागली. त्यांची दुर्गंधी, थंडी, आणि अंगावर दख्खनचे कपडे.

ही वाट पाहणं काय असतं ते मी एकदा जवळून पाहिलंय. लडाखमध्ये रस्ते उघडे असतात तोवर हिवाळ्याचा सगळा साठा वर चढवायचा असतो. एकदा बर्फानं झोजिला बंद झाला की जे वर गेलं तेच. एका वर्षी वरच्या एका चौकीचं रॉकेल अंदाजापेक्षा लवकर संपत आलं. तिथं रॉकेल म्हणजे नुसती ऊब नव्हे. बर्फ वितळवून पाणी करायचं तर तेच लागतं. खेचरं आणि पोर्टर खाली तयार, पण वाटेवर हिमकडा कोसळायचा धोका. आमचे सीओ रोज पहाटे येऊन मला विचारत, "साब, ऊपर कितना बचा है?" मी जेरीकॅनचा आकडा सांगायचो. ते वर डोंगराकडं बघायचे आणि म्हणायचे, "आज नहीं." बस, एवढाच हुकूम. त्यांच्या खोलीतली बुखारी त्यांनी बंद करायला लावली होती. कोट, टोपी, हातमोजे घालून ते कागद बघत बसायचे, आणि पेनातली शाई गोठते म्हणून शिसपेन्सिलीनं सह्या करायचे. खेचरं पाठवली असती आणि कडा कोसळला असता तर बोल त्यांनाच होता. चौकीवर कुणाची बोटं बर्फानं गेली असती तरी बोल त्यांनाच. हवा उघडली, माल चढला, काही झालं नाही. यावर सिनेमा निघणार नाही, कारण गोळीच सुटली नाही. पण 'सेनापतीचं ओझं' असं कुणी म्हणालं की मला ती शिसपेन्सिल दिसते.

भाऊंच्या पहाटेला असं "आज नाही" म्हणायची सोय संपत गेली. तेरा जानेवारीच्या रात्री सरदार-शिपाई त्यांच्या डेऱ्याशी आले: दोन दिवस पोटात अन्न नाही, भुकेनं मरण्यापेक्षा लढून मरू. काशीराज नावाच्या कारकुनानं हे लिहून ठेवलंय. तो अब्दालीच्या बाजूच्या नवाब शुजाउद्दौल्याच्या नोकरीत होता, दोन्हीकडचं बोलणं त्याच्या हातून चाले. भाऊंनी त्यालाही शेवटचा निरोप धाडला की आता पाणी गळ्याशी आलं, काही होणार असेल तर तत्काळ करा. उत्तर यायच्या आत उजाडलं.

लढाईचा बेत वाईट नव्हता. इब्राहिमखानाच्या सल्ल्यानं गोल बांधायचा, बाहेर तोफा आणि गारदी, बाजूंनी घोडदळ, पोटात बायकामुलं आणि बाजार, आणि असा तो अख्खा गाव लढत लढत दिल्लीच्या दिशेनं सरकवायचा. यासाठी एकच गोष्ट लागते: कुणी जागा सोडायची नाही. गारद्यांनी सकाळी अब्दालीकडच्या रोहिल्यांची दाणादाण उडवली. ते पाहून विंचूरकर, गायकवाड यांच्या स्वारांना धीर निघेना. ते पुढं धावले आणि आपल्याच तोफांच्या तोंडाशी आले. तोफा थांबल्या. उपाशी माणसाला धीर धर म्हणून सांगणं सोपं नाही, म्हणून मी त्यांना फार दोष देत नाही.

दुपारी विश्वासरावांना गोळी लागली. वय अठरा. भाऊंनी पुतण्याचं शव पाहिलं, हत्तीवरून उतरले, घोड्यावर बसले आणि गर्दीत घुसले. अंबारी रिकामी दिसली तशी फौजेची कंबर खचली. सिनेमाचा कळस इथं आहे. भाऊ एकटे, अंगभर जखमा, चहूकडून शत्रू, आणि तरी तलवार चालतेय. सिनेमागृहात इथं शिट्ट्या पडल्या असतील, डोळेही ओले झाले असतील. मी मात्र सोफ्यावर अस्वस्थ झालो. त्या क्षणी भाऊ चुलता झाले आणि हजारोंच्या फौजेला सेनापती उरला नाही. त्या वेळी अब्दाली कुठं होता? मागं, आपल्या तंबूपाशी. ऐन दुपारी त्याची फळी मोडत आली होती, लोक पळत होते. त्यानं आपले नसकची, म्हणजे फौजेचे दंडाधिकारी, पाठवून पळणाऱ्यांना चाबूक मारून परत फिरवलं, राखून ठेवलेली ताजी माणसं आणि उंटांवरच्या जंबुरक तोफा पुढं केल्या, आणि दिवस फिरवला. त्यानं स्वतः तलवार उपसली की नाही हे विचारायचं कुणाला कारणच पडलं नाही. भाऊंकडं राखीव माणसं नव्हती, कारण राखीव ठेवायला पोटभर जेवलेली माणसं लागतात.

तरी मी भाऊंना नावं ठेवणार नाही. विश्वासराव हा पेशव्यांचा थोरला मुलगा. त्याला दक्षिणेत परत नेऊन त्याच्या आईपुढं, गोपिकाबाईंपुढं उभं करायचं होतं. ते जमणार नाही हे कळल्यावर हत्तीवर बसून राहायला जी छाती लागते ती माझ्यात असती का, सांगता येत नाही.

फौजेत एका कोर्सला आम्हाला 'ट्वेल्व्ह ओ'क्लॉक हाय' नावाचा १९४९ सालचा अमेरिकन सिनेमा दाखवला होता. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बर विमानांची तुकडी, मनोधैर्य खचलेलं. ग्रेगरी पेकचा जनरल येतो, सगळ्यांना कडक शिस्त लावतो आणि तुकडी उभी करतो. शेवटी एक दिवस तोच विमानात चढायला जातो आणि त्याचे हात त्याला वर ओढेनात. जखम कुठंच नाही. आपल्याकडच्या सिनेमात सेनापती असा मोडलेला दाखवायला अजून भीती वाटते. मोडायचंच तर त्याला शंभर वार घालून मोडतात.

'सॅम बहादूर' या सिनेमात याच्या जवळ जाणारा एक प्रसंग आहे. एप्रिल १९७१, इंदिराबाई विचारतात, पूर्व पाकिस्तानवर चाल करायला तयार आहात का, आणि लष्करप्रमुख माणेकशा नाही म्हणतात. का? पावसाळा तोंडावर, नद्या फुगणार, रणगाडे पुरेसे तयार नाहीत, सुगीचं धान्य वाहायला रेल्वे लागणार, आणि उत्तरेच्या खिंडी बर्फानं बंद व्हायला हव्यात म्हणजे चीन येणार नाही. हे सगळं रसदेचं बोलणं आहे. डिसेंबरात तेरा दिवसांत युद्ध संपलं, ते एप्रिलमधल्या या नकारामुळं. आपल्या कोल्हापूरकडच्या लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरातांचं नशीब एवढं नव्हतं. १९४५ मध्ये ब्रह्मदेशात कांगॉवच्या लढाईत ज्यांनी पलटण चालवली, त्यांनीच पूर्व विभागाचे प्रमुख असताना १९६० मध्ये 'लाल किल्ला' नावाचा सराव घेऊन चीन कुठून, किती बळानं येईल आणि आपल्याला काय कमी पडेल ते मांडलं. त्यांचं ऐकलं गेलं नाही. १९६१ मध्ये ते निवृत्त झाले, आणि १९६२ च्या ऑक्टोबरात त्यांनी सांगितलेलं घडत गेलं. एकही गोळी न झाडता असा सिनेमा करता येईल. दोन खोल्या आणि एक वाळूचा नकाशा पुरे.

भाऊंना नाही म्हणायला वर कुणी जवळ नव्हतं आणि मदतीलाही नव्हतं. पानिपतावर उपास चालू होते त्या डिसेंबरअखेरीस नानासाहेब पैठणला होते. तिथं त्यांनी वाखरे सावकाराच्या मुलीशी दुसरं लग्न केलं. मग सावकाश उत्तरेला निघाले. विदिशाच्या परिसरात पोचले तेव्हा जानेवारी सरत आला होता, आणि तिथं पराभवाची पहिली बातमी त्यांना मिळाली ती सरकारी जासुदाकडून नव्हे, तर सावकारांच्या पत्रातून. पैशाचं टपाल लष्कराच्या टपालापेक्षा वेगानं धावत होतं. त्याच वर्षी जून महिन्यात पर्वतीवर ते वारले.

सिनेमावर सगळ्यांत जास्त गदारोळ राजस्थानात झाला. त्यात सूरजमल मदतीच्या बदल्यात आग्र्याचा किल्ला मागतो. भरतपूरकडचे लोक चिडले, खेळ बंद पडले, निर्मात्यांना काही भाग कापावा लागला. मला त्यांचा राग समजतो. लढाईनंतर उघडेनागडे, जखमी मराठे ज्या मुलखातून परत येत होते तो याच सूरजमलचा. त्यानं आणि राणी किशोरीनं त्यांना जेवू घातलं, कपडे दिले, वाटखर्च देऊन पुढं लावून दिलं. भाऊंनी ज्याचा सल्ला मोडला त्यानंच उरलेल्यांची पंगत वाढली. हा प्रसंग सिनेमात भरभरून असता तर मी त्याला बाकीची सगळी गाणी माफ केली असती.

आमच्या गावात एक निवृत्त मास्तर आहेत, त्र्यं. शं. शेजवलकरांचं 'पानिपत' कोळून प्यायलेले. पालखीच्या बैठकीला आम्ही शेजारी बसतो आणि विषय निघतोच. त्यांचं म्हणणं, बुणगे ग्वाल्हेरला ठेवले असते तर निकाल फिरला असता. मी म्हणतो, मास्तर, ग्वाल्हेरला ठेवले तर त्यांच्या राखणीला चांगले दहा हजार द्यावे लागले असते, त्यांचं धान्य वेगळं, आणि बायको ग्वाल्हेरला म्हटल्यावर निम्मे सरदार पत्र आलं का म्हणून मागं बघत बसले असते. मास्तर म्हणतात, मैदान सोडून निघालेल्या होळकरांच्या फौजेला विचारा. मी म्हणतो, होळकरांना घरी जायची वाट माहीत होती, भाऊंना नव्हती. यंदा नेमकं हे चालू असताना ग्रामसेवक आले आणि टँकर किती लागतील म्हणून विचारू लागले. मास्तर म्हणाले, गेल्या सालाएवढे. मी म्हणालो, चार जास्त मागा.